घरातला एक कोपरा कामासाठी



घरात कागदाचे काम नाही असे कुटुंब आज शोधून सापडणार नाही. कुणी बचत गटाचा हिशेब लिहितो, कुणी दुकानाची बिले करतो, कुणाची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. पण हे काम आपण करतो कुठे? बाजेवर, उंबऱ्यात, नाहीतर जेवणाची ताटे उचलल्यावर त्याच जागी. मग कागदावर तेलाचे डाग पडतात, पाठ धरते आणि ऐन वेळी पाहिजे तो दाखला सापडत नाही.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. चूक माझ्या हातून घडली आहे.

मी राजूरला राहतो. भोकरदन तालुक्यातील, जालना-भोकरदन रस्त्यावरचे हे गाव. दिवसा कारकुनी करायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, असा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. काही वर्षांपूर्वी एका मजूर बापाने मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तिची मूळ कागदपत्रे विश्वासाने माझ्या हाती दिली. मी ती एका पिशवीत घातली, पिशवी खुंटीला टांगली. पुढे घरात पाहुणे आले, आवराआवर झाली आणि पिशवी कुठे गेली ते कुणालाच आठवेना. ती सापडली गोधड्यांच्या ढिगाखाली. तोवर अर्जाची तारीख उलटून गेली होती. बापाने दोन शेळ्या विकून फी भरली. मला म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, तुम्ही काय मुद्दाम केलं का?" त्याने रागावून चार शब्द बोलून घेतले असते तर मला हलके वाटले असते!

त्या रात्री मला बाबासाहेबांच्या घरांची आठवण झाली. आपण राजगृहाचे नाव अभिमानाने घेतो. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी ते घर बांधले. कुटुंब खाली आणि सर्वांत वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय, अशी त्याची रचना. पण राजगृह 1930 नंतरचे. त्याआधी 1912 ते 1934 या काळात त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत, 50 आणि 51 क्रमांकाच्या दोन खोल्यांत होते. त्याहीपूर्वी, शाळकरी वयात, डबक चाळीत तर साऱ्या कुटुंबाला एकच खोली. सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि त्यांच्या जागेवर आपण झोपत. शेजारी जाते, पायाशी शेळी आणि उजेडाला रॉकेलचा दिवा. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून बापलेकांनी वेळ वाटून घेतला.

यातून मी एक धडा घेतला. कामाची जागा म्हणजे स्वतंत्र खोलीच पाहिजे असे नाही. ठरलेला कोपरा आणि ठरलेली वेळ असली तरी पुरे. आम्ही घरी बसून सर्वांच्या वेळा ठरवल्या. पहाटे मुलीचा अभ्यास, दुपारी पत्नीचे बचत गटाचे हिशेब आणि रात्री आठ ते दहा माझे काम. तिघांना मिळून एकच टेबल. घरातले टेबल म्हणजे कर्त्या पुरुषाची मिरासदारी, ही समजूत आधी सोडली पाहिजे. पत्नीचे शिलाई मशीन आम्ही खिडकीलगत ठेवले, कारण सुईत दोरा ओवणाऱ्याला उजेडाची गरज सर्वांत जास्त.

आता टेबलाविषयी. पाडलेल्या घराच्या दाराची एक सागवानी फळी मिळाली. सुताराकडून तिला पाय बसवून घेतले, उंची 29 इंच. खुर्ची अशी हवी की दोन्ही पाऊले जमिनीला पूर्ण टेकतील आणि लिहिताना कोपर काटकोनात राहील. पाय लोंबकळत असतील तर खाली विटांवर फळी ठेवावी. कंबरेमागे जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी ठेवली तरी पाठीला आधार मिळतो, महागड्या खुर्चीवाचून काही अडत नाही.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली, कारण तिथून दिवसभर सारखा उजेड येतो आणि ऊन आत येत नाही. संगणक असेल तर खिडकी त्याच्या पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असावी. नाहीतर डोळे दिपतात. पडदा हातभर दूर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. लॅपटॉप असेल तर खाली चार जाड पुस्तके ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे, डोळ्यांना विसावा मिळतो.

आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा सांगायला नको. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. पत्र्यावर बाहेरून चुन्याची पांढरी सफेदी दिली की ऊन परावर्तित होऊन आतली धग कमी होते. ती दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर द्यावी लागते. तरीही जड डोक्याचे काम पहाटे उरकावे हेच खरे. आवाजाचेही तसेच. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला प्रचंड गर्दी लोटते, रस्ते भरून जातात. त्या दिवशी मी हिशेबाला हात लावत नाही. फाइली लावणे, पुस्तके झटकणे अशी कामे काढतो.

विजेत काटकसर करताना जिवाशी खेळ नको. एकाच बोर्डावर प्रिंटर, कूलर आणि इस्त्री जोडू नये. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे. इन्व्हर्टर घेतला तर त्याची बॅटरी बंद कपाटात कोंडू नये, हवेशीर जागी ठेवावी आणि तिच्यातल्या पाण्याची पातळी पाहत जावी.

मात्र टेबल-खुर्चीपेक्षा मोलाची वस्तू म्हणजे दोन रुपये महाग पण जाड पुठ्ठ्याची नोंदवही. तिच्यात मी पाच रकाने आखले आहेत : कागद कुणाचा, कोणता, कधी आला, कामाची शेवटची तारीख आणि परत दिल्याची सही. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी लाल शाईची खूण. माहितीच्या अधिकाराचे काम करणाऱ्यांना तर हे फार उपयोगी पडते. 2005 च्या कायद्याप्रमाणे उत्तराची मुदत 30 दिवसांची आणि पहिल्या अपिलालाही 30 दिवस. तारीख चुकली की खरी बाजूसुद्धा लंगडी पडते.

एका कुटुंबाला एक फाइल ठेवावी. मूळ कागद शक्यतो घरी ठेवूच नयेत. पाहून, छायाप्रत काढून त्याच दिवशी परत करावेत. डिजीलॉकरमध्ये मिळणारे दाखले तिथे उतरवून घेण्याची सवय मुलांना लावावी. फाइली जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नयेत. वाळवी आणि पावसाळी ओल दोन्ही तिथूनच शिरतात. आणि कपाटाला कुलूप हवेच. लोकांच्या आधार कार्डाच्या आणि बँक पासबुकाच्या प्रती आपल्याकडे असतात. ती त्यांची ठेव आहे. बिघडलेल्या प्रती पुड्या बांधायला न देता फाडून टाकाव्यात.

शेवटी एक गोष्ट. घरात कार्यालय आले म्हणून घराचे कार्यालय होऊ देऊ नये. दहा वाजले की मी वही मिटतो. तातडीचे काम असेल तर अर्थात अपवाद, पण रोजचा अपवाद म्हणजे बेशिस्त. बापाची फक्त पाठच पाहत मुले मोठी झाली तर त्या समाजकार्याला काय अर्थ?

बंधूंनो, भगिनींनो, कुणी गरीब माणूस आपल्या हाती कागद देतो तेव्हा तो लेकराचे एक वर्ष आपल्या हवाली करतो. ते खुंटीला टांगून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्या मुलीचे वर्ष शेळ्यांनी वाचवले, माझ्या हुशारीने नव्हे. म्हणून या रविवारी घरातला एक कोपरा मोकळा करा. एक फळी, एक दिवा, एक नोंदवही आणि एक कुलूप, एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचे हळूहळू जमते.

जयभीम!