जळगावात बसून धुळ्याची पॅकेटं

धुळ्याच्या शाखेतला सर्व्हर अधूनमधून अडकतो आणि जाणकार माणूस जळगावात. रस्त्याने अंतर नव्वदेक किलोमीटर. एसटी पकडून जावं, तर पोचेपर्यंत सगळं सुरळीत!

अशा वेळी धुळ्याच्या संगणकावर ‘आरपीकॅपडी’ नावाची सेवा पार्श्वभूमीवर चालू ठेवता येते. पडद्यावर तिची खिडकी नसते. वेगळं काही न सांगितल्यास ती २००२ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहते. जळगावच्या संगणकावरच्या वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने हाक मारली, की नेटवर्क कार्डावरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांच्या, म्हणजे पॅकेटांच्या, प्रती ती तिकडे पाठवू लागते. मूळ पॅकेटं आपल्या वाटेने जातातच. इटलीतल्या तुरिनच्या तंत्रविद्यापीठात विनपीकॅप या पॅकेट पकडणाऱ्या लायब्ररीबरोबर ही सोय घडली.

खरी गंमत पुढे आहे. प्रती पाठवायच्या त्याही बहुधा त्याच तारेवरून. मग प्रतींच्या प्रती, त्यांच्याही प्रती: आरशासमोर आरसाच! म्हणून सेवेची स्वतःची वाहतूक वगळण्याचा पर्याय दिलेला असतो. गाळणीही (फिल्टर) धुळ्यातच लागते. फक्त डेटाबेसच्या पोर्टची पॅकेटं मागितली, तर बाकीची निघतच नाहीत आणि दोन गावांमधली जोडणी तुंबत नाही.

पासवर्ड न विचारता ही सेवा चालवण्याची मुभाही आहे. ती मुभा नसती तर बरं झालं असतं, असं माझं मत. पासवर्ड ठेवला तरी टीएलएसचं कूटबद्धीकरण नसेल तर तो उघडाच जातो. तेव्हा जोडणी व्हीपीएनमधून करावी, फक्त जळगावच्या संगणकाचा पत्ता परवानगीच्या यादीत घालावा, संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी आणि दोष सापडला, की सेवा बंद करावी.