‘कोर्ट’च्या कर्त्यांची व्यावसायिक पार्श्वभूमी

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटाच्या वास्तवदर्शित्वाचे श्रेय बहुधा त्यातील अव्यावसायिक नटांना दिले जाते. हे प्रतिपादन अपुरे आहे. ताम्हाणे हे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी; ‘कोर्ट’पूर्वी त्यांनी एक माहितीपट, एक नाटक आणि ‘सिक्स स्ट्रँड्स’ (२०११) हा लघुपट केला होता. त्यांच्या नाटकातील नट विवेक गोंबर हे या चित्रपटाचे निर्माते झाले व बचावपक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांनीच केली. सरकारी वकिलाच्या भूमिकेतील गीतांजली कुलकर्णी या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदवीधर. याउलट, आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार (निधन २०२१) हे नागपूरचे आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते व ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते. चित्रपटाचे संगीत संभाजी भगत या प्रत्यक्ष शाहिराचे आहे.

ही विभागणी अर्थपूर्ण ठरते. कलमे वाचून दाखविणारी न्यायालयीन भाषा ही शिकून आत्मसात केलेली भाषा होय. ती प्रशिक्षित नटांच्या मुखी आहे. शाहिराचा आवाज मात्र चळवळीत घडलेला आहे आणि न्यायालयात तोच जवळजवळ मूक राहतो. चित्रपटातील संघर्ष असा पात्रनिवडीतच रुजलेला दिसतो. म्हणूनच ‘कोर्ट’ची श्रेयनामावली ही केवळ औपचारिक नोंद न मानता संहितेचा एक भाग म्हणून वाचणे आवश्यक ठरते.