डेल्टा त्रिकोण आणि लाडबोरीचे कडे

विज्ञानकथांच्या चाहत्यांना धोक्याच्या दोन जागा एकमेकींशी जोडण्याचा भारी सोस. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकांचेच पाहा. १९७३ च्या कार्टून मालिकेतल्या ‘डेल्टा त्रिकोणा’त शिरलेले यान काळाच्या एका कप्प्यात अडकते. २००३ मध्ये आलेल्या ‘डेल्फिक एक्स्पान्स’ या टापूत पदार्थविज्ञानाचे नियमच डळमळतात, आणि ती करामत परक्यांनी उभारलेल्या महाकाय गोलांची असल्याचे पुढे कळते. कथेच्या कालगणनेत हा टापू त्रिकोणाच्या शतकभर आधीचा. मग चाहत्याचे डोके चालू लागते : त्या गोलांनी अवकाश जिथे उसवले, तिथलेच एखादे भोक म्हणजे हा त्रिकोण नसेल कशावरून? तर्क देखणा आहे. मात्र दोन्ही कथांमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे आणि त्यांचे लेखकही वेगळे. त्रिकोणाचे मूळ शोधायला अवकाशात जायची गरज नाही. जहाजे गूढपणे गायब होतात असे म्हटल्या जाणाऱ्या समुद्राला व्हिन्सेंट गॅडिस यांनी १९६४ मध्ये एका मासिकातल्या लेखात ‘बर्म्युडा ट्रँगल’ हे नाव वापरले आणि पुढे त्याचे वेड पसरले. लॉरेन्स कुशे यांनी १९७५ मध्ये जुनी वर्तमानपत्रे चाळली, तेव्हा गूढ म्हणवली जाणारी कित्येक जहाजे साध्या वादळात बुडाल्याचे, काही तर भलत्याच समुद्रात हरवल्याचे दिसले.

तरीही चाहत्यांचा तर्क खोटा म्हणून निकालात काढता येत नाही, कारण कथाविश्वात नंतरचा लेखक मागचे सत्य घडवू शकतो. साठच्या दशकातल्या ‘स्टार ट्रेक’मध्ये क्लिंगॉन या परग्रहवासीयांची कपाळे सपाट होती, १९७९ च्या चित्रपटात त्यांवर उंचवटे आले. खरे कारण रंगभूषेच्या बजेटमध्ये शोधावे. पण वर्षानुवर्षे प्रेक्षक त्यावर तर्क लढवत राहिले आणि २००५ मध्ये मालिकेने विषाणूचे कारण देऊन तो गुंता अधिकृतपणे सोडवला. उद्या एखाद्या पटकथाकाराने त्रिकोण आणि एक्स्पान्स जोडले, तर ते जोडलेलेच होते असे ठरेल. खऱ्या आकाशाला असा पटकथाकार नाही. तिथे दुवा जोडायचा तर त्याची किंमत पुराव्याने चुकवावी लागते, आणि वर्ध्यासह विदर्भाला याचा उत्तम दाखला मिळालेला आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिपक्यांची रांग सरकत गेली. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला पडते विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले, आसपास गोळेही सापडले. त्याच संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट सुटले होते. दिवस एकच, तासही जवळचे. साहजिकच पहिला दुवा त्याच्याशी जुळवला गेला. पण इलेक्ट्रॉनची जाडी जेमतेम सव्वा मीटर आणि त्याचे अंग कार्बन तंतूंचे, तर लाडबोरीचे कडे माणसाच्या उंचीहून रुंद. उलट फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’चा तिसरा टप्पा नेमका त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित असल्याचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. या टप्प्याचा व्यास तीन मीटर. पुढच्याच महिन्यात गुजरातेत आणंद परिसरातही गोळे पडले, आणि तेव्हाही संशय याच जातीच्या रॉकेटवर गेला. म्हणजे विदर्भ आणि आणंद यांना जोडणारा धागा आहे, पण तो भूमीच्या एखाद्या शापाचा नव्हे. हे रॉकेट शिचांगहून, सुमारे २८ अंश उत्तर अक्षांशावरून, पूर्वेकडे सोडतात. कक्षेचा कलही साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे निकामी टप्पे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या याच पट्ट्यात कुठेही कोसळू शकतात. वर्धा २१ अंशांच्या अलीकडे आहे, आणंद साडेबावीसवर.

यावर कुणी म्हणेल, चाहत्यांचा हा निव्वळ खेळ, त्याला एवढी फूटपट्टी कशाला? खेळ आहेच, आणि चांगला आहे. तुकडे लक्षात ठेवून त्यांची संगती लावायची सवय त्याने लागते. फक्त ‘चपखल बसते’ हा कथेतला शेवटचा निकष आकाशाच्या बाबतीत पहिली पायरी असतो. इलेक्ट्रॉनचा दुवाही आधी चपखलच वाटला होता. मोजमापाने तो तुटला. म्हणून आकाशात पुन्हा अशी रांग दिसली तर घड्याळातली वेळ आणि दिशा टिपून ठेवा. शिवारात तुकडा सापडलाच तर त्यात विषारी इंधन उरलेले असू शकते. हात न लावता पोलीस पाटलांना किंवा तहसील कार्यालयाला कळवा.