कोतवालाच्या वहीतले पूर्वज

वर्धा जिल्ह्यात पणजोबाचा शोध सहसा हौसेने सुरू होत नाही. पोराचा प्रवेश किंवा नोकरी जातवैधतेवर अडते आणि घरात प्रश्न निघतो, ‘‘आजाच्या बापाचं नाव काय होतं गा?’’ अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, तर ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेआधीचा पुरावा लागतो. मग वाट तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे वळते. तिथे मागायचं ते कोतवाल बुक.

ही जन्म-मृत्यूची नोंदवही. मध्य प्रांताच्या अमलात गावचा कोतवाल ठाण्यावर वर्दी देई : अमक्याच्या घरी मुलगा झाला, तमका तापाने गेला. बारशाच्या आतच वर्दी पोचल्यामुळे बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, गाव, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. मृत्यूपुढे कारण असतं : ताप, पटकी, देवी. १९१८ च्या मानमोडीने (इन्फ्लुएंझाच्या साथीने) हा प्रांत फार होरपळला. त्या साली एकाच घरची दोन-तीन नावं लागोपाठ सापडली, तर लिहिणाऱ्याची चूक समजू नये.

खरी अडचण आडनावाची. ‘महादू वल्द गोमा, कुणबी’ अशा थाटाच्या नोंदीत ते नसतंच, आणि एका गावात महादू चार असू शकतात. मग जमीन बंदोबस्ताची मिसल, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर एकमेकांशी ताडून पाहावं लागतं. दुसरी अडचण दप्तर नेमकं कुठे, याची. जिल्हा १८६२ चा. मुख्य ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, १८६६ मध्ये पालकवाडीला आलं आणि तिचंच वर्धा झालं. तहसिली पूर्वी तीनच होत्या : वर्धा, आर्वी, हिंगणघाट. आज सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यात असलेल्या गावाचं जुनं दप्तर म्हणूनच कधी दुसऱ्या कचेरीत निघतं.

आडनाव दिशा दाखवतं, पुरावा देत नाही. रामटेके, नागपुरे, उमरेडकर ही नावं मूळ गाव सांगतात. पण आर्वीत राहून कोणी आर्वीकर होत नाही, गाव सुटलं की गाव नावाला चिकटतं. कारंजा-आर्वीकडचे भोयर पवार आपलं मूळ माळव्यातल्या धारानगरीत सांगतात. वानखेडे मात्र कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावावरून कुळ जुळवणारा हमखास फसतो.

राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाटांनी राखल्या. इथल्या कास्तकाराची राखली ती कोतवालाने, आणि या मुलखात कोतवाल बहुतेक महार समाजाचा असे. ज्याला गावाने उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्याच्या वर्दीवर आज त्याच गावाची नातवंडं आपली जात सिद्ध करतात. हे ऋण नकलेच्या फीत फिटणारं नाही.

कचेरीत जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा. कोणता गोमा आपला, त्याची बायको कुठल्या गावची, हे तिला ठाऊक असतं. वहीत बायकांची माहेरं सापडत नाहीत. ती तिच्याकडूनच लिहून घ्या.