पराभवातून उभी राहिलेली चळवळ

निवडणुकीतील पराभव म्हणजे एखाद्या विचाराचा शेवट असतो काय? अमेरिकेच्या इतिहासात या प्रश्नाचे लक्षणीय उत्तर सापडते. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना ५० पैकी केवळ ६ राज्ये जिंकता आली. १६ वर्षांनी, १९८० मध्ये, त्यांच्याच विचारांचा पुरस्कार करणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली. हे परिवर्तन कसे घडले?

‘पुराणमतवादी’ म्हटले की जुन्या रूढींना कवटाळणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील आधुनिक पुराणमतवाद मात्र तीन प्रवाहांच्या संगमातून निर्माण झाला. शासनाने उद्योगव्यवसायात हस्तक्षेप करू नये व कर कमी ठेवावेत, हा पहिला प्रवाह. धर्म, कुटुंब व परंपरा यांचे रक्षण व्हावे, हा दुसरा. तर साम्यवादाला कठोर विरोध, हा तिसरा. १९५५ साली विल्यम बकली यांनी सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने हे प्रवाह एकत्र आणले.

तेव्हाचे लोकमत मात्र वेगळे होते. १९३० च्या दशकातील महामंदीत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या शासनाने लोकांना आधार दिला होता. १९३५ च्या कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन व बेकारांना साहाय्य मिळू लागले. अशा वेळी शासनाचा व्याप घटवा, हे गोल्डवॉटर यांचे म्हणणे बहुसंख्यांना रुचले नाही.

त्यांनी जिंकलेली राज्ये कोणती, हेही पाहिले पाहिजे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक स्थळी व नोकरीत वर्णभेद करण्यास बंदी घातली. केंद्राने अधिकाराची मर्यादा ओलांडली, असे सांगून गोल्डवॉटर यांनी त्याविरुद्ध मत दिले. परिणामी, स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांना मिळालेली पाचही राज्ये दक्षिणेतील होती. तेथे कृष्णवर्णीयांपैकी अनेकांना मतदानच करू दिले जात नसे. स्वातंत्र्याची भाषा आणि वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांची मते अशी एकत्र आली.

पराभवानंतर कार्यकर्ते स्वस्थ बसले नाहीत. देणगीदारांच्या याद्या करून त्यांनी टपालाने लहान लहान देणग्या जमविल्या. १९७३ मध्ये ‘हेरिटेज फाउंडेशन’ ही धोरणांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि पुढे अनेक धर्मनिष्ठ मतदार राजकारणाकडे वळले. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातली. महागाईने जनता त्रस्त होती. त्यातच १९७९ मध्ये इराणमध्ये अमेरिकी नागरिकांना ओलीस ठेवले गेले. असंतोष सर्वत्र होता. त्याला वाट देणारी संघटना तयार होती.

रेगन यांच्या कारकिर्दीत प्राप्तिकराचा कमाल दर ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला. परंतु संरक्षणखर्च वाढला आणि राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. १९३५ ची निवृत्तिवेतन योजनाही कायम राहिली. कारण कर कमी हवेत म्हणणाऱ्या मतदारांनाही वार्धक्यातील आधार गमवायचा नव्हता. गर्भपातविषयक निर्णय रद्द होण्यासाठी मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

विचार, संघटना आणि चिकाटी यांच्या बळावर अल्पमताचे बहुमत होऊ शकते, हे या इतिहासातून दिसते. शासनापासून स्वातंत्र्य मागणारा एक वर्ग होता, तर आपल्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी शासनाकडेच पाहणारा दुसरा वर्गही होता. म्हणून कोणत्याही देशात ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ऐकला की ते कोणाचे व कशापासून, हे विचारणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य ठरते.