बसून पाहावयाचे अरण्य

मुंबईच्या उत्तरेस, बोरिवली रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत आणि बिबट्यांचा वावरही आहे. घरातील ज्येष्ठांना येथे न्यावे, असे अनेकांच्या मनात येते. परंतु ‘त्यांना चालवणार नाही’ या एका शंकेपाशी बेत अडतो. वस्तुतः अरण्याचा आनंद घेण्यासाठी फार चालावे लागत नाही. चालणाऱ्याच्या चाहुलीने पाखरे दूर जातात. निश्चल बसणाऱ्याच्या आसपास ती निर्धास्त वावरतात.

फळांनी लगडलेला वड किंवा उंबर समोर दिसेल अशी सावलीची जागा निवडावी आणि अर्धा तास तेथेच बसावे. पिकल्या फळांवर बुलबुल व तांबट येतात. कधी आपला राज्यपक्षी हरियालही येतो. पानांत मिसळून गेलेला हा पक्षी हलला म्हणजेच दिसतो. पावसाळ्याच्या अखेरीस काळ्या पंखांवर निळी झळाळी मिरविणारे राणी पाखरू भेटण्याचा संभव असतो. २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला.

वयपरत्वे बारीक, उंच पट्टीतील आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे लहान पक्ष्यांची किलबिल निसटते. मात्र तांबटाची एकसुरी ‘टुक-टुक’ आणि भारद्वाजाचा घुमणारा खोल हुंकार बहुधा कानी पडतो. सोबत असणाऱ्याने या दोन आवाजांकडे आवर्जून लक्ष वेधावे.

ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना पळस, भोकर, करवंद यांची ओळख पुस्तकाविना असते. स्मरणशक्ती क्षीण होत असतानाही जुन्या आठवणी पुष्कळदा अधिक काळ टिकतात. म्हणून ‘हे कोणते झाड, सांग बरे’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘आजी, पळसाच्या पत्रावळी तू कशा लावायचीस?’ असे विचारावे. दिवसभर ज्यांना इतरांच्या सूचना ऐकाव्या लागतात, ते येथे घटकाभर सांगणारे होतात.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सोमवारी उद्यान बंद असते. सकाळी जावे, पण मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. माकडांमुळे खाद्यपदार्थ उघडे ठेवू नयेत व त्यांना खाऊ घालू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळाव्यात. गुडघे दुखत असतील तर कान्हेरीच्या पायऱ्यांचा आग्रह नको. बराच वेळ बसल्यावर सावकाश उठावे, म्हणजे भोवळ येण्याचा धोका कमी होतो. छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. एकट्याने आडवाटेस जाऊ नये.

किती वेळ बसावयाचे, हे मात्र ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे. हरियाल दिसण्याची त्यांना आणखी थोडी वाट पाहावीशी वाटली, तर घरच्यांनी घड्याळाकडे पाहू नये.