त्वचेच्या कर्करोगाच्या रेणवीय खुणा

त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींपासून होणारा स्क्वेमस सेल कर्करोग खवलेदार चट्टा, गाठ किंवा न भरणारा व्रण अशा रूपात डोळ्यांना दिसत असला, तरी त्याची सुरुवात पेशीच्या डीएनएमध्ये होते. तेथे झालेला जनुकीय बदल, किंवा त्या बदलामुळे वाढलेले अथवा नाहीसे झालेले प्रथिन, यांवरून रोगाविषयी काही निश्चित माहिती मिळत असेल, तर अशा खुणेला रेणवीय मार्कर म्हणतात.

या मार्करांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो पी५३ या प्रथिनाचा. डीएनएला इजा झालेल्या पेशीचे विभाजन थांबवणे आणि इजा दुरुस्त होण्यासारखी नसल्यास त्या पेशीला मृत्यूकडे नेणे, हे त्याचे काम होय. येल विद्यापीठातील डग्लस ब्रॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या कर्करोगाच्या २४ गाठी तपासल्या, तेव्हा १४ गाठींत पी५३चे जनुक बदललेले आढळले. त्यांतील तीन गाठींत डीएनएमधील लगतच्या दोन सायटोसिनांच्या जागी दोन थायमिन आलेले होते, आणि असा जोडबदल ही सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांची खास ओळख असल्यामुळे रोगाच्या कारणाचा पुरावा थेट जनुकातच सापडला. नॉच१, सीडीकेएन२ए आणि एचरास या जनुकांतील बदलही पुढे या कर्करोगात आढळले.

प्रयोगशाळेत गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंडाची प्रक्रिया केली, की पी५३ असलेली पेशीकेंद्रके तपकिरी दिसतात. बहुतेक सर्व केंद्रके गडद होणे जितके संशयास्पद, तितकेच एकही केंद्रक न रंगणे संशयास्पद असते, कारण काही बदलांमुळे बिघडलेले प्रथिन पेशीत साचते, तर काहींमुळे ते तयारच होत नाही. तरीही केवळ या रंगावरून निदान करणे योग्य नाही. पापणीच्या निरोगी त्वचेचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, उन्हात वर्षानुवर्षे राहिलेल्या, पण कर्करोग नसलेल्या त्वचेतील सुमारे चतुर्थांश पेशींतही कर्करोगाला पोषक असे जनुकीय बदल असतात. म्हणूनच बायोप्सीत पेशींची रचना कशी आहे आणि त्या खालच्या थरात कुठवर शिरल्या आहेत, हे पाहणे आजही निर्णायक ठरते. मार्कर त्या निदानाला बळकटी देतो.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. गडद वर्णाच्या लोकांत हा कर्करोग बरेचदा भाजल्याचे व्रण, जुन्या जखमा आणि सतत घासली जाणारी त्वचा अशा, ऊन क्वचितच लागणाऱ्या जागी होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. साडीच्या आतील परकराच्या नाडीमुळे कमरेवर झालेल्या कर्करोगाचीही नोंद नंतर झाली. सतत फोड येणाऱ्या एका आनुवंशिक त्वचारोगातील गाठींत तर अतिनील किरणांऐवजी पेशीतील एपोबेक या विकरांनी घडवलेले बदल प्रामुख्याने आढळले आहेत. त्यामुळे गौरवर्णीय रुग्णांच्या उन्हातील गाठींवरून ठरलेले मार्कर आपल्याकडच्या रुग्णांना जसेच्या तसे लावणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि कमरेवरच्या व व्रणावरच्या गाठींचा स्वतंत्र जनुकीय अभ्यास येथेच व्हायला हवा.

उपचारांच्या दृष्टीने जनुकीय बदलांच्या या संशोधनाला प्रत्यक्ष फळ आले आहे. या गाठींत जनुकीय बदलांची संख्या फार मोठी असल्याने रोगप्रतिकारक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखता येतात, आणि पीडी-१ या प्रथिनाचा अडसर दूर करणारे सेमिप्लिमॅब हे औषध प्रगत अवस्थेतील रुग्णांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र वेळीच लक्षात आलेली बहुतेक प्रकरणे शस्त्रक्रियेनेच बरी होतात. भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा कमरेच्या घासलेल्या जागी चिघळलेली जखम काही आठवड्यांत भरत नसेल, तर मलम बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडून तिची बायोप्सी करून घ्यावी.